साडूचा सपाट पट

बाइंडर आणि कवळीवाले हे साडू. बाइंडरांची बायको थोरली बहीण, कवळीवाल्यांची धाकटी. बाइंडरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, मधोमध कागद कापायचं यंत्र आणि सगळीकडे खळीचा वास. कवळीवाले दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवून द्यायचे, म्हणून त्यांचं हे नाव पडलं आणि तेही ते हसत मिरवायचे.

बुद्धिबळ त्यांना बाइंडरांनीच शिकवलं होतं. धाकटीचं लग्न नवीन होतं तेव्हा कवळीवाले बाइंडरांकडे यायचे, पण काय बोलावं त्यांना कळायचं नाही, म्हणून बाइंडरांनी लाकडी पट पुढे सरकवला. पुढे त्यांना वाचनालयाच्या माडीवरच्या मंडळातही नेलं. तिथे बाइंडर म्हणजे राजा. ते खेळायला बसले की बाकीचे आपापले डाव अर्धवट टाकून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत.

मग कवळीवाल्यांनी कॉम्प्युटर घेतला. जेवण झालं की ते त्याच्याशी खेळत बसायचे. वर्षभरात त्यांच्या खेळाला अशी धार आली की मंडळातली माणसं हळूहळू त्यांच्या खुर्चीमागे सरकली. कुणी मुद्दाम केलं नाही, पण बाइंडरांना पाठ उघडी पडल्यासारखं वाटायचं. घरी आले की त्यांचं तोंड बघून बायको ओळखायची.

"आज पुन्हा कवळीवाले जिंकले वाटतं?"

"जिंकेनात का! यंत्राकडून उसनं आणलेलं डोकं ते."

पण महिन्याभरातच त्यांनीही कॉम्प्युटर आणला. खेळ सुरू करताना पट कसा हवा ते निवडायचं होतं. एक सपाट, वरून बघितल्यासारखा, त्यावर सोंगट्यांची नुसती चित्रं. दुसरा उभा, त्रिमितीय, म्हणजे समोर खराखुरा पट मांडल्यासारखा, उभ्या सोंगट्या, त्यांच्या सावल्यासुद्धा. बाइंडरांनी नाइलाजाने साडूला फोन लावला.

"दादा, सपाटच लावा," कवळीवाले म्हणाले. "दिसायला काही खास नाही, पण सगळं एका नजरेत येतं."

झालं! साडू सपाट म्हणाले, तेवढंच पुरे होतं. बाइंडरांनी उभा पट लावला. "आम्ही लाकडावर वाढलेली माणसं," ते बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले. "चित्रांशी खेळायला मी काय बालवाडीत आहे?"

आणि हरले. रोज हरले. पडद्यावरच्या हत्तीआड प्यादं लपायचं, वजिराआड उंट. खऱ्या पटावर माणूस मान जरा तिरकी करून बघतो. इथे मान कितीही वाकडी केली तरी चित्र हलेना. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग तो दुसरा लावून बघा ना." बाइंडरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विषय काढला नाही.

मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत शेवटचा डाव दोघा साडूंमध्ये पडला. कवळीवाल्यांना एक खोड लागली होती. अवघड जागा आली की ते खुर्चीवरून उठायचे आणि वरून पटाकडे बघायचे. बाइंडरांच्या लगेच लक्षात आलं. सपाट पटाची सवय! बसून यांना दिसतच नाही. साडूचा डाव वर चढत होता. बाइंडरांनी हात वर केला.

"पंच, हे सारखे उठतात. अंगावर सावली पडते, माझं लक्ष उडतं."

पंचांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं. तक्रार नियमाला धरून होती. "बसून खेळा," ते म्हणाले.

कवळीवाले बसले. थोड्याच चालींत घोड्यामागचा उंट त्यांच्या नजरेतून सुटला आणि वजीर गेला. बाइंडर जिंकले. टाळ्या झाल्या, पण विरळ. दोघी बहिणी डाव बघायला आल्या होत्या; जिना उतरताना धाकटी बाइंडरांना मागे टाकून पुढे निघून गेली.

"ते उठत होते तर तुमचं काय जात होतं?" घरी बायकोने विचारलं.

"नियम आहे," बाइंडर म्हणाले आणि जेवायला बसले नाहीत.

त्या आठवड्यात कवळीवाले घरी आले. बाइंडर भांडणाच्या तयारीने उठले, पण साडू म्हणाले, "दादा, माझी बसून खेळायची सवय पार मोडलीय. तुम्ही तो उभा पट लावता म्हणे, तो दाखवा मला."

बाइंडरांनी दाखवला. हरलेला माणूस इतका निर्मळ कसा राहतो, याचाही त्यांना हेवा वाटला. कवळीवाले खुर्चीत बसले, आधी चाचपडले, एक डाव हरले. मग त्यांनी पट कसा फिरवायचा ते शोधून काढलं, बाजूने बघितलं, मागून बघितलं, आणि ज्या पातळीवर बाइंडर रोज मार खात होते तिथे कॉम्प्युटरला मात दिली.

बाइंडरांना राहवेना. "मी इथे कधीच जिंकलेलो नाही," ते एकदम म्हणाले. "आणि त्या दिवशी तुमच्या उठण्याने माझं काही लक्षबिक्ष उडत नव्हतं. तुम्ही जिंकाल, ते मला बघवत नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"तरी आलात?"

"रागावलो होतो की! दोन दिवस कुणाची कवळी नीट बसेना," कवळीवाले म्हणाले. "पण राग धरून पट थोडाच दिसणार? आता तुम्ही सपाट लावा. तुम्हाला येत नाही असं नाही, दिसत नाही म्हणून हरता."

"बघू," बाइंडर म्हणाले. साडूची पाठ वळताच त्यांनी दार लोटून घेतलं आणि सपाट पट लावला. प्यादी, उंट, घोडे, सगळे उघड्यावर आले. दुसऱ्याच डावात ते जिंकले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की बायको धावत आली. मग मात्र लपवायला काही उरलं नाही.

पुढच्या वर्षी कवळीवाले बसूनच खेळले आणि बाइंडरांना हरवून स्पर्धा जिंकले. बाइंडरांच्या पोटात दुखलं, नाही असं नाही. पण घरी परतताना चौघं एकत्र चालत होती, आणि साडूची शेवटची चाल कशी चुकीची होती, हे बाइंडर त्यांना रस्ताभर समजावून सांगत होते.