सतरा नंबरचा व्हॉल्व्ह

विद्यापीठाच्या आवारात त्रेसष्ट व्हॉल्व्ह होते, आणि त्यांतला कुठला कुठे पाणी नेतो हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो तिथला चावीवाला. छातीला लागेल एवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सकाळी सहाला निघायचा. पंप सुरू करायचा, टाकी भरायची, मग जमिनीतली झाकणं उचलून एकेका इमारतीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. नळांचा मूळ नकाशा कचेरीच्या कपाटात होता म्हणे, पण तो वाळवीने खाल्ला. चावीवाल्याच्या मते वाळवीने जन्मात केलेलं तेवढंच एक चांगलं काम.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्याचा धर्मच म्हणा ना. आणि तो काही हवेतून आलेला नव्हता. कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसणारी एक बाई होती. कुठल्या खोलीचा नंबर काय, कोण किती वाजता कुठे सापडेल, सगळं तिला तोंडपाठ. साहेबांनी चहा पाजून, गोड बोलून, तिच्याकडून ते सगळं वहीत उतरवून घेतलं. सहा महिन्यांत तिच्या जागी यंत्र आलं आणि बाई पार टोकाच्या वसतिगृहाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्या घेत बसली. चावीवाल्याने हे या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि पंपघरामागच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. नोकरी गेली की त्याच आठवड्यात छप्परही जाणार.

तर अशा माणसाकडे एक दिवस मॅडम आल्या. पर्यावरण शिकवणाऱ्या. विद्यापीठाने नवा फतवा काढला होता. विद्यार्थी इतिहासाचा असो की गणिताचा, त्याने वर्षभर एक विषय आपल्या आवारातूनच शिकायचा. इथे काय किती खर्च होतं, किती वाया जातं, आणि ते कमी कसं करता येईल. त्यामुळे सगळीकडे धांदल उडाली होती. कोणी खानावळीतलं उष्टं तागडीत घालत होतं, कोणी रिकाम्या वर्गांत फिरणारे पंखे मोजत होतं, कोणी कचऱ्याच्या टोपल्या उपड्या करून आतला माल निवडत होतं. झाडूवाल्या बायका कपाळाला हात लावून बघत बसल्या होत्या. पाण्याच्या वाट्याला सहा मुलं आली होती. मॅडम म्हणाल्या, काका, आपल्याला नळांचा नकाशा करायचाय, तो तुम्हीच मुलांना शिकवायचा. त्यांनी त्याला पंपघरातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्यानेच तो जास्त बिथरला.

घरी येऊन बायकोला म्हणाला, यात काहीतरी पाणी मुरतंय. बायको भाजी चिरत होती. तिने मानही वर केली नाही. “तुमच्यामागे तुमची सावली आली ना, तरी तिच्याकडे तुम्ही ओळखपत्र मागाल,” ती म्हणाली.

नाही म्हणायची सोय नव्हती, त्याच्या वरच्या इंजिनियरसाहेबांचं पत्रच आलं होतं. मग त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे तोड काढली. एकोणसाठ व्हॉल्व्ह खरे सांगायचे, चार खोटे. हे कुणाच्या वाइटावर नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. नकाशा हातात घेऊन हे लोक एक दिवस आपल्याला टाटा करतील, आणि त्याच दिवशी कुठेतरी अडतील, आणि मग काका काका करत परत येतील, एवढाच त्याचा हिशेब. ग्रंथालयामागचा सतरा नंबर खरा जायचा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांना. त्याने सांगितलं, जुनी व्यायामशाळा. त्या व्यायामशाळेला सात वर्षं कुलूप होतं. तिथे पाणी येतं की नाही, हे विचारायला कोण जाणार होतं?

मुलं त्याच्यामागून फिरू लागली. तो सांगायचा, ती लिहायची. उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह कसा ओळखायचा, पाणी एकदम सोडलं तर नळ का फुटतो, सगळं वहीत. एकतीस वर्षांत त्याचं बोलणं कुणी कागदावर उतरवलं नव्हतं. त्याला ते आवडायला लागलं, आणि आवडायला लागलं म्हणून स्वतःचाच राग येऊ लागला. फक्त एक चष्मेवाली मुलगी लगेच लिहीत नसे. ती आधी झाकणाकडे बघायची, मग त्याच्याकडे, मग लिहायची. ही नक्की इंजिनियरसाहेबांनी पेरलेली आहे, असं त्याने ठरवून टाकलं.

एका सकाळी ती त्याला ग्रंथालयामागे एकटी दिसली. सतराचं झाकण बाजूला सारून, व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवून, सळईच्या वरच्या टोकाला कान लावून ती पालथी पडली होती. चोराच्या मनात चांदणं. काय चाललंय, असं त्याने दरडावून विचारलं. ती उठून कपडे झटकत म्हणाली की तुम्ही चावीला कान लावून पाणी ऐकता ना काका, ते बघून बघून करून पाहतेय. त्याने झाकण पायाने परत जागेवर सरकवलं. पण त्या दिवसापासून आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही.

मग परीक्षा आली. ती तोंडी, आणि मॅडमनी जाहीर केलं की निम्मे गुण काका देतील, कारण मुलांना शिकवलं काकांनी. बायकोने सदऱ्याला इस्त्री करून दिली. हातांच्या खुर्चीत, पुढ्यात गुणांचा कागद आणि टोक काढलेली पेन्सिल, असा तो मॅडमच्या शेजारी बसला. भिंतीवर नकाशा टांगलेला, खाली त्याची सही. पहिली पाच मुलं एकामागून एक आली आणि पढवलेल्या पोपटासारखी बोलून गेली. सतरा नंबर जुन्या व्यायामशाळेला जातो. कुलूपबंद इमारतीत रोज इतकं पाणी जातंय, म्हणजे जमिनीखाली मोठी गळती असणार. फरशी फोडून बघायला हवं. मॅडम मान डोलवत होत्या. एका रिकाम्या इमारतीची फरशी आपल्या जिभेने फुटणार, हे चावीवाल्याच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

सहावी चष्मेवाली. ती म्हणाली, सतराचं पाणी व्यायामशाळेला जातच नाही, ते प्रयोगशाळांकडे जातं. तिने वही पुढे केली. तीन सकाळींच्या नोंदी होत्या, किती वाजता सळई कुठे लावली, काय ऐकू आलं. सतरा उघडला की पाण्याचा आवाज प्रयोगशाळांच्या नळात येत होता, व्यायामशाळेच्या नळात नाही.

मॅडमनी वही चाळली आणि त्यांचा आवाज बदलला. पाच जण एक सांगतात, नकाशा तेच सांगतो, शिकवणाऱ्याची त्यावर सही आहे, आणि तुला एकटीलाच वेगळं ऐकू येतं? प्रकल्पात घरी बसून नोंदी लिहिणारी मुलं त्यांनी आधीही पकडली होती. नोंदी बनावट निघाल्या तर नुसता विषय राहणार नव्हता, प्रकरण समितीपुढे जाऊन वर्षच जाणार होतं. हे सगळं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं.

मुलीचे कान लाल झाले. काका खोटं बोलले, असं ती म्हणाली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. “मला जे ऐकू आलं, तेच लिहिलंय,” एवढंच म्हणाली.

“काका, तुम्ही सांगा. बरोबर की चूक?”

एक शब्द बोलायचा होता. चूक म्हटलं की तो मोकळा. पण त्याचं मन, सवयीप्रमाणे, आधी सापळा शोधायला लागलं. या दोघींनी मिळून तर हे रचलं नसेल? मुलीला सगळं कळलंय, तिने मॅडमना सांगितलंय, आणि आता आपल्याच तोंडून काढून घेताहेत? त्याने मुलीकडे नीट निरखून पाहिलं. मॅडमनी परत केलेली वही उघडून ती आपल्याच नोंदी एकेक बोट ठेवून पुन्हा तपासत होती. ती नाटक करत नव्हती. आपण रचलेल्या खोट्याखाली एक खरं बोलणारी पोर चिरडली जातेय, हे त्याला लख्ख दिसलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“तिचं बरोबर आहे, मॅडम,” तो म्हणाला. “नकाशा चुकलाय.”

“नकाशा तुम्हीच सांगितलात.”

“हो. चुकीचा सांगितला. मुद्दाम सांगितला.”

मग तो टेलिफोनवाल्या बाईबद्दल काहीबाही बोलला, दोन खोल्यांबद्दल बोलला. मनात इतकी वर्षं घोटलेलं, पण बाहेर पडलं ते तुकड्यातुकड्यांनी. मॅडमनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या की नकाशा झाल्यावर तुमची नोकरी टिकेल असं वचन मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. निदान ही बाई गोड बोलत नाही, असं त्याच्या मनात आलं.

त्याने पेन्सिल उचलली आणि मुलीच्या नावापुढे वीसपैकी वीस लिहिले. आपली जागा घेऊ शकेल अशा पोरीलाच आपण हे गुण देतोय, हेही त्याला तेव्हाच समजलं होतं.

“असे किती आहेत?” मॅडमनी विचारलं.

“चार.” त्याने नंबर सांगितले. सतरा, एकतीस, बेचाळीस, अठ्ठावन्न. मॅडमनी ते लिहून घेतले, पेन खाली ठेवलं नाही, आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“आणि पाचवा?”

“पाचवा नाहीच, मॅडम.”

त्या बघतच राहिल्या. ती नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. दारात येणाऱ्या प्रत्येकाकडे तो तशाच नजरेने बघत आला होता. आपल्यावर रोखलेली मात्र तो पहिल्यांदाच बघत होता. “चारच आहेत,” तो पुन्हा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हटल्यामुळे ते आणखीच खोटं वाटलं.

मॅडमनी भिंतीवरचा नकाशा उतरवून गुंडाळला. सोमवारपासून त्रेसष्टच्या त्रेसष्ट व्हॉल्व्ह पुन्हा तपासायचे, आणि ते काम हिच्याकडे, असं त्यांनी चष्मेवालीला सांगितलं. मुलगी हो म्हणाली आणि वही छातीशी धरून उभी राहिली.

“आणि मी?” चावीवाल्याने विचारलं.

“तुम्ही तिला झाकणं उचलून द्या, काका,” मॅडम म्हणाल्या. “सांगू काही नका.”