कुरडयांचा पैरा

नैरोबीहून आम्ही आलो ते कराडच्या पुढे, उसाच्या रानात वसलेल्या एका लहान गावात. तिथल्या साखर कारखान्यात नवऱ्याला इंजिनियरची नोकरी मिळाली होती. आम्हा दोघांचाही जन्म तिकडचा. घरात मराठी बोलत होतो, पण मराठी गाव मी पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. बांगलादेशच्या युद्धाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

येतानाच मी अट घातली होती. एक वर्ष बघायचं, नाही रुळले तर लंडनला भावाकडे जायचं. म्हणून दोन पत्र्याच्या ट्रंकांपैकी एकच उघडली. दुसरी दोरीसकट स्वयंपाकघरात आडवी पडून होती आणि तिच्यावर माझा स्टोव्ह असे. नवरा तिला 'पाहुणा' म्हणायचा. पाहुण्याला चहा विचारलास का, असं मला छेडायचा.

तक्रार करावी असं तसं काही नव्हतं. दूध दाट, भाजी ताजी, गळिताच्या दिवसांत गावभर मळीचा वास, त्यालाही मी सरावले. फक्त बायका मला सायबीणबाई म्हणत, बसायला घोंगडं टाकत आणि मग गप्प होत. मी उठले की मागे पुन्हा गप्पा सुरू.

एप्रिलात मी शेजारच्या आक्कांना सहज विचारलं की कुरडया कशा करतात. आक्कांचे यजमान फौजेत. घर, दोन म्हशी आणि सासू त्या एकट्या सांभाळत. त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. माझ्याकडून गहू मागून घेतले, तीन दिवस भिजत घातले आणि चौथ्या दिवशी पहाटे पाच बायका सोऱ्या घेऊन माझ्या दारात हजर. कुणी वाटलेल्या गव्हाचा चीक शिजवतंय, कुणी बाजेवर धुतलेलं धोतर अंथरतंय. ऊन चढेपर्यंत बाज कुरडयांनी भरली. मला काय करू नि काय नको असं झालं. निघताना मी प्रत्येकीला नैरोबीहून आणलेले दोन-दोन काचेचे ग्लास दिले. त्यांनी ते पदराखाली घेतले आणि गेल्या. आपण छान उतराई झालो, असं मला वाटलं.

पुढे आठवडाभर रोज कुणाच्या तरी अंगणात कुरडया पडत होत्या. हसणं, भांडणं सगळं भिंतीपलीकडून ऐकू येई. मला कुणी बोलावलं नाही. चौथ्या दिवशी मी रडले, पाचव्या दिवशी चिडले. रागावले की मी पत्र लिहिते. भावाला लिहिलं, तिकिटं काढ. नवऱ्यानं ते वाचलं आणि एवढंच म्हणाला, की पोस्टात टाकण्याआधी आक्कांना सांगून तरी ये.

आक्का भिजवलेल्या गव्हाचं पाणी बदलत होत्या. मी म्हटलं, आम्ही जाणार. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मीही भीड ठेवली नाही. सगळ्यांकडे कुरडया झाल्या, मला एकीनंही बोलावलं नाही, असं तोंडावर सांगितलं.

आक्कांनी मान वर केली.

"आवं, पैऱ्याला आवतान लागतंय व्हय? आमी तुमच्या दारात आलो तवा तुमी बोलावलं हुतं का?" मग पाणी ओतता ओतता म्हणाल्या, "गिलास दिलंसा. हात कवा देणार?"

आज सगळ्या माझ्याकडे, उद्या मी सगळ्यांकडे. हाच पैरा. त्यात बोलावणं नाही, आभारही नाहीत, आपलं आपण उठून जायचं. मी बोलावण्याची वाट बघत होते आणि त्या पाचजणी माझी. ग्लास देऊन सायबीणबाईंनी हात झटकले, असं त्यांना वाटलं होतं. 'कामापुरता मामा' ही म्हण मला लहानपणापासून पाठ होती, पण ती मलाच लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

उद्या कुणाकडे, मी विचारलं.

"आमचंच राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी गेले. कुणी घोंगडं टाकलं नाही. जरा सरकून जागा दिली आणि गरम चिकानं भरलेला सोऱ्या हातात कोंबला. माझी पहिली कुरडई अशी वेडीवाकडी पडली, की आक्कांच्या सासूनं ही कुणाची म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडावर सगळ्या खदखदून हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. इतकं बरं मला त्या गावात तोवर कधी वाटलं नव्हतं. दुपारी दंड भरून आले तरी मी उठले नाही.

माझ्या वाळलेल्या कुरडया टोपलीतच होत्या आणि घरात उंदीर. काम उरकल्यावर आक्का त्या बघायला आल्या. त्यांनी स्टोव्ह उचलून खाली ठेवला आणि ट्रंकेत काय आहे ते विचारलं. लोकरीचे कोट, मी म्हटलं, लंडनसाठी. त्या दोरीची एक गाठ सोडू लागल्या, दुसरी मी सोडली. कोट खुंटीवर गेले. तळाला वर्तमानपत्र अंथरलं, ते थोडं कमी पडलं, तिथे भावाला लिहिलेलं पत्र घातलं आणि वर कुरडया रचल्या.

संध्याकाळी नवरा आला. स्टोव्ह जमिनीवर बघून म्हणाला, "पाहुणा गेला वाटतं."

मी त्याला कुरडया तळायला तेल आणायला पाठवलं.