राजीनामा कधी?

"तिकडं गाझात काही शांतता व्हायची नाही," असं कोणी म्हटलं की वकीलबाई उजवा तळहात त्याच्यासमोर धरायच्या. "निकालाची प्रत दाखवा."

समोरचा गोंधळायचा. "कसला निकाल?"

"शांतता होणार न्हाई असा. कोणत्या कोर्टानं दिला? प्रत दाखवा, न्हाईतर खाली बसा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण दिवसाची कामं उरकत असतो आणि ती जगाची भांडणं स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतात. नांदेडला आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची मी चिटणीस. खुर्च्या, चहा, माईक, दारावरचा फलक ही कामं माझ्याकडे असतात आणि ती वेळेत होतात. रविवारी सकाळी आमची चर्चा भरते. वकीलबाई मूळच्या देवणीकडच्या. उभं आयुष्य त्यांनी उदगीरच्या कोर्टात वाटणीचे आणि बांधाचे दावे चालवण्यात घालवलं. निवृत्त होऊन मुलाकडे नांदेडला आल्या, आमची विषयांची यादी वाचली आणि म्हणाल्या, "चिटणीसबाई, तुमच्या यादीत आरोग्य हाय, आहार हाय, मनःशांती हाय. नुसती शांती कुठं हाय?"

गाझातली लढाई तेव्हा भरात होती. आमच्याकडे तिचे पडसाद वेगळेच उमटले. गणिताचे निवृत्त शिक्षक जाधव सर आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सलीमभाई वर्षानुवर्षं एकाच स्कूटरवरून चर्चेला यायचे. एकाने मोबाईलवर इस्रायलच्या बाजूचा व्हिडिओ टाकला, दुसऱ्याने पॅलेस्टाईनच्या बाजूचा. मग बोलणं बंद. दोघांपैकी एकानेही तो देश पाहिलेला नव्हता.

पुढे युद्धबंदीची बातमी आली. मी म्हटलं, "चला बाई, मिटलं."

"मिटलं कुठं? युद्धबंदी म्हणजे कोर्टाचा स्टे, तात्पुरती थांबवणूक. स्टे मिळाला म्हणून कोणी पेढे वाटतं का? दावा तसाच हाय. येत्या रविवारी हाच विषय घे."

फलक त्यांनी स्वतः लिहिला. वर बारीक अक्षरात "इस्रायल आणि पॅलेस्टाईन", खाली ठळक, दुरून वाचता येईल असं: "राजीनामा कधी?"

आता तुमच्या-माझ्या मराठीत राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं. पण निजामाच्या वेळच्या उर्दू कागदांत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. दोघं राजी झाले, म्हणून राजीनामा. उदगीरच्या जुन्या वकिलांच्या तोंडी हा अर्थ टिकून होता आणि बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. एका वाटसरूने फलकाचा फोटो काढला, तोही फक्त खालच्या ओळीचा, आणि तो मोबाईलवर गावभर फिरला. संध्याकाळच्या आत मला फोन. "मॅडम, कुणाचा राजीनामा मागून राहिलेत? साहेबांचा का?"

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. वाचनालयाचे पंखे त्यांनी दिलेले. आमचे अध्यक्ष धावत आले. "आधी फलक पुसा. आणि हा विषयच रद्द करा."

बाई खडू हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "पुसायचा न्हाई. लोकाला कळंना तर समजून सांगायचं, पुसायचं कामून?" आणि त्यांनी खाली लिहिलं: दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, तो राजीनामा.

रविवारी खुर्च्या कमी पडल्या. माझ्या व्यवस्थेत असं पहिल्यांदाच झालं. निम्मे लोक कोण राजीनामा देतंय ते पाहायला आलेले. साहेबांची दोन माणसं हाताची घडी घालून दाराशी उभी.

बाई उठल्या. "इथं कोणी खुर्ची सोडणार न्हाई. उलट दोघांनाबी बसायला जागा पाहिजे, तंटा त्याचाच हाय."

हशा पिकला. तो ओसरू न देता त्या पुढे बोलल्या. "दोघांच्याबी पुढाऱ्यांनी आपापल्या लोकांना एकच सांगितलं, की समोरचा एक दिवस निघून जाईल. कोणी कुठं जाणार न्हाई. एकाला बिनघोर झोप पाहिजे, दुसऱ्याला स्वतःचं राज्य आणि मोकळा रस्ता. एकाचं कापून दुसऱ्याला दिलं तर तो राजीनामा न्हाई, मानेवर बसून घेतलेला अंगठा हाय. असले कागद टिकत न्हाईत. वरच्या कोर्टात मी स्वतः रद्द करून घेतलेत."

मग त्यांनी त्यांची कोर्टातली रीत काढली. दावा मिटवायला बसले की आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं. तो "बरोबर" म्हणाला तरच आपलं मांडायला मिळणार.

"जाधव सर, उठा. गाझातल्या माणसाचं म्हणणं मांडा."

"मी?"

"हाव, तुम्हीच. सलीमभाईंनी मान हलवली की बसायचं."

सर म्हणाले, "तिथं पुष्कळ लोक मेले, हे वाईट झालं."

"न्हाई," सलीमभाई म्हणाले. "सर पेपर वाचून दाखवून राहिले."

पुन्हा हशा. सर चिडले, बसू लागले. बाईंनी बसू दिलं नाही. मग ते खिडकीकडे पाहत बोलले. "मुदखेडला आमचा मळा आहे. वडिलांनी लावलेले आंबे आहेत. उद्या तिथं दुसरा कोणी घर बांधून बसला, झाडं तोडली आणि मला माझ्याच मळ्यात जायला पास मागायला लागला. वरून माझं राहतं घर पाडलं, आत लेकरं असताना... मी काय केलं असतं ते इथं बोलवत नाही."

"हाव," सलीमभाई हळूच म्हणाले. "आता बरोबर."

मग सलीमभाईंची पाळी. ते सुरुवातीला दोनदा चुकले आणि सरांनी दोन्ही वेळा हटकलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "एक आई हाय. तिची पोरगी घरातून उचलून नेली, ओलीस. तिच्या आजीच्या माणसांना युरोपात मारून टाकलेलं, तेव्हा कोणत्याच देशानं दार उघडलं न्हाई. ती म्हणती, आता कुणाच्या भरवशावर दाराची कडी काढू?"

सरांनी मान उशिरा हलवली, पण हलवली.

त्यांची दिलजमाई झाली म्हणून सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. दोघं वेगवेगळ्या वाटेने घरी गेले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "पहिल्या तारखेला कधी मिटतं का?"

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी बजावलं, असले विषय घेतले तर हॉल मिळणार नाही. पुढची चर्चा अडली. बाई भांडायला निघाल्याच होत्या, तेवढ्यात दम लागला आणि थेट दवाखान्यात गेल्या. मी भेटायला गेले त्या सकाळी युद्धबंदी मोडल्याची बातमी होती. त्यांना सांगावं की नाही या विचारात मी मोसंबी सोलत बसले.

"वाचलं मी," त्या म्हणाल्या. "स्टे मोडला. दावा न्हाई मोडला. तू पुढची तारीख घे."

"हॉल कुठं आहे बाई?"

"कोर्ट काय हॉलमुळं असतंय का गं?"

त्यानंतर त्या घरी आल्या नाहीत.

शोकसभेला मात्र हॉल मिळाला. अध्यक्ष चांगलं बोलले, शेवटी म्हणाले, "तो विषय आता बाईंबरोबरच संपला." मी उठले. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. आभार मानले आणि सांगितलं, येत्या रविवारी सकाळी तोच विषय आहे.

रविवारी हॉलला कुलूप होतं. मी घरातल्या खुर्च्या गल्लीत मांडल्या, शेजाऱ्यांनी त्यांच्या आणल्या. जाधव सर आले, सलीमभाई आले. दोघं दोन टोकांना बसले, पण आले.

भाजीची टोपली घेऊन एक बाई चालली होती. मांडलेल्या खुर्च्या बघून थबकली. "कुणाचं लगीन हाय का वो?"

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "भांडण हाय. बसा."

तिने टोपली उतरवली आणि पुढच्या रांगेत बसली.