वैजनाथ डॉक्टरांची मांजर

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले तेव्हा अमडापूरच्या दवाखान्यात वैजनाथ डॉक्टर होते. माणूस महातापट. आधी झापणार, मग तपासणार. गावाला ते आवडत नसत, पण अडलं की सगळे त्यांच्याच दारात.

युसूफ विणकराला उचलून आणलं तेव्हा तो हवेतले धागे ओढत होता. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या. धोतरा पोटात गेलाय, हे डॉक्टरांनी तिथंच ओळखलं.

"हिनंच चहातून देल्ला!" युसूफची आई सुगराबी सुनेकडे हात करून ओरडली. सून अमीना जमादाराच्या पहाऱ्यात उभी होती. सासू-सुनेचं लग्नापासून वाकडं.

जमादारानं उरलेला चहा पुढे केला. डॉक्टर खेकसले, "चहाच कशाला? सकाळपासून काय काय प्यायला तो?"

"खोकल्याचा काढा. म्या सोता उकळला," सुगराबीनं तोऱ्यात लोटा आपटला. "हेबी पाहा!"

धोतरा आहे का, हे डॉक्टर मांजरीच्या डोळ्यात थेंब घालून पाहणार होते. पण चहा किंवा काढा तसाच घातला तर नुसत्या मळीनं डोळा चुरचुरतो आणि काही कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन काचनळ्यांत धुतलेल्या कोळशाची पूड भरली. एकीतून चहा सोडला, दुसरीतून काढा. विष कोळशाला धरून राहतं. वरून पाणी ओतून साखर आणि मळी धुऊन काढली. मग गरम स्पिरिट ओतलं, तसं कोळशानं धरलेलं सुटलं. स्पिरिट उडवून खाली राहिलं ते थेंबभर पाण्यात कालवलं.

दवाखान्यातली मांजर पंच्यात गुंडाळून उन्हात धरली. चहाचा थेंब डाव्या डोळ्यात, काढ्याचा उजव्या. धोतरा असला तर बाहुली भर उन्हातही मोठी होणार. डावी झाली, की अमीना तुरुंगात.

अमीना ओठातल्या ओठात दुआ पुटपुटत होती.

डावी बाहुली रेघेएवढीच राहिली. उजवी हळूहळू गोल, काळीभोर झाली.

"चहात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "सुगराबी, काढ्यात काय टाकलं होतं?"

"माह्या दम्याची पानं... त्याच्या धुरानं मले बरं वाटते. म्हनलं, याचा खोकलाबी..." ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"जमादार, दम्याला धूर घेतात ती पानं धोतऱ्याचीच. ही चूक आहे, गुन्हा नाही. सोडा त्या पोरीला," डॉक्टर म्हणाले. "युसूफ वाचेल."

त्यांनी औषधाची वाटी आईच्या हाती दिली. सुगराबीनं ती सुनेपुढे धरली. "तू पाज, बेटी. माह्या हातानं नको आता."

अमीनानं वाटी घेतली. सासूकडे पाहिलं मात्र नाही.