मावशीच्या अंघोळीचं पाणी

डिसेंबरचा दुसरा सोमवार. लातूरच्या वृद्धाश्रमात तपासणी होती. महिन्याचे अडीच हजार भरणारा मी, माझी मावशी, तिथले व्यवस्थापक आणि तपासणीला आलेल्या बाई, असे चौघे हजर होतो.

भूकंपात मावशीचं गाव पडलं, माणसं गेली. त्यानंतर ती आमच्याकडेच राहिली. तिनंच माझ्या मुली सांभाळल्या. पुढे आमच्या गल्लीत क्लासच्या पोरींना खोल्या मिळेनात, भाडी चढली. मावशीला आश्रमात ठेवून तिची खोली मी बिलोलीच्या दोन बहिणींना महिना सहा हजारांनी दिली. वर उरणारे साडेतीन हजार धाकटीच्या क्लासला जात.

आश्रमातला गिझर बंद होता. मावशी गार पाण्यानं अंघोळ करते, हे मला दिवाळीपासून माहीत होतं. पण तक्रार केली तर ‘मग घरी न्या’ असं म्हणतील, या भीतीनं मी बोललो नव्हतो.

बाईंनी विचारलं, “आजी, गरम पाणी मिळतं का?”

“मिळतंय की. लई कढत. गार पाण्याचं इसण घ्यावं लागतंय.”

“जेवणात काही कमी?”

“माझे दातच कमी हायेत. तुमी च्या घेतला का न्हाई?”

बाई हसल्या. सुविधा समाधानकारक असल्याचं त्यांनी लिहिलं आणि खाली नातेवाईक म्हणून मी सही केली.

त्या गेल्यावर मी मावशीला म्हणालो, “खोटं कशाला बोललीस?”

“पावण्याफुडं घरचं उणं काढत्यात का?”

“हे काय तुझं घर आहे?”

ती पदर सारखा करत म्हणाली, “मग कुठलं हाय, ते तू सांग.”

संध्याकाळी मी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. “सही करताना तुम्ही तिथंच होतात ना?” एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंघोळीच्या वेळेला, त्या न कळवता आश्रमात गेल्या. आठवड्यात गिझर दुरुस्त झाला. तो सहीच्या दिवशीही होऊ शकला असता.

बायकोशी बोलून मी त्या बहिणींना पलीकडच्या गल्लीत खोली बघून दिली आणि जानेवारीत मावशीला घरी आणलं. बहिणींच्या वडिलांना अनामत बारा हजार परत दिले, सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्याला चारशे, आणि आश्रमाला नोटिशीच्या महिन्याचे अडीच हजार.