सातवी भाकरी

यशोदामावशींच्या घरून कुणी अर्धपोटी उठलेलं मी तरी पाहिलं नाही. ओझरच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं भाकऱ्या थापल्या, आणि निवृत्त झाल्यावर मोर्चा जेल रोडच्या आमच्या कॉलनीकडे वळवला. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा त्यांच्याकडे चार घास खाऊन जातो. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा दोन महिने मी त्यांच्याच घरी जेवले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढे केलं ते किती हलकट होतं ते कळेल.

मी जपानी शिकले, दुभाषी झाले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. मागच्या वर्षी जपानी टीव्हीवाल्यांचं एक पथक आलं. त्यांचा कार्यक्रम विनोदी. खोट्या मिशा लावलेला एक नट दर आठवड्याला परदेशातल्या एखाद्या घरी पाहुणा म्हणून जातो आणि त्या घराची टर उडवतो. त्यांना नाशिकमधलं अस्सल कुटुंब हवं होतं. मी बेधडक मावशींचं नाव सुचवलं. मावशींना म्हटलं, "पाहुणे आपल्या चालीरीती शिकायला येतायत." टर उडवण्याचं तेवढं गिळून टाकलं.

मावशींनी काळ्या मसाल्याचं मटण केलं, बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. मिशीवाला जेवायला बसला. आता गंमत अशी, की वाढलेलं सगळं संपवणं हा जपान्यांकडे यजमानाचा मान. मावशींच्या लेखी रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून भुकेला. तो संपवतोय, त्या वाढतायत. ताटावर हात आडवा धरायचा असतो, हे त्याला कुठून माहीत असणार? मी तोंड उघडणार तोच दिग्दर्शकाने ओठांवर बोट ठेवलं, आणि मी गप्प बसले. दोन्ही भाषा येणारी त्या खोलीत मी एकटीच होते. माझं एक वाक्य पुरलं असतं.

सहाव्या भाकरीला पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींना वाटलं, तिखटाचं असेल. त्यांनी नवऱ्यासाठी, निवृत्तीकाकांसाठी, झाकून ठेवलेली सातवी आणली आणि तीही त्याच्या ताटात वाढली. त्या दिवशी नवराबायको चहाबिस्किटांवर राहिली.

नंतर तीन महिने मावशी विचारत होत्या, "आमचा कार्यक्रम कधी लागायचा गं?" मी टाळत राहिले. शेवटी त्यांच्या भाच्याने, ज्ञानेशने, मोबाइलवर शोधून दिला. रविवारी दुपारी मावशींनी मला बोलावलं. "राखी, काय बोलतेत ते सांग."

दर भाकरीला घंटा वाजत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'न थांबणारी बाई'. स्टुडिओतले लोक खुर्च्यांवरून पडत होते.

"का हसतेत एवढे?"

"खूश झालेत, मावशी."

मावशी मान डोलवत बघत होत्या. सातव्या भाकरीला त्यांनी बोट ठेवून चित्र थांबवलं. मागे दाराशी एक मुलगी तोंडावर ओढणी धरून हसून हसून वाकली होती.

"ही तूच ना?"

"हो."

"तू बी खूश झाली व्हती?"

मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं, टर, घंटा, पडद्यावरची अक्षरं, ओठांवरचं ते बोट. माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "त्यो परका. त्याला काय ठाव? तुला तर ठाव व्हतं."

मी जायला उठले, तर म्हणाल्या, "जेवून जा."

त्यांनी एक भाकरी वाढली, वर रस्सा. ती मी संपवली. मग सवयीने ताटावर हात आडवा धरला. "पुरे, मावशी." त्या हाताला त्यांनी कधीच जुमानलं नव्हतं. हात बाजूला सारून एक तरी वाढायच्याच.

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी भाकऱ्यांच्या दुरडीवर फडकं टाकलं.