तेच टाका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्राला माझं सगळं माहीत असतं त्यालाही नाही. सांगायचा धीर होत नव्हता, मनावर ओझं होतं, झोप लागत नव्हती — असलं काही नव्हतं बरं का. झोप लागत होती. माझं उत्तम चाललं होतं, आणि आज मला चीड येते ती ह्याचीच.

चिखलीत माझं गॅरेज आहे. दुचाक्या करतो, आणि एटीव्हीसुद्धा. एटीव्ही म्हणजे ती चार जाड टायरांची, हँडलची गाडी, रिसॉर्टवाले माळावर पोरांना फिरवायला ठेवतात ती. ह्या गाड्यांचं काम आमच्याकडे फार कमी जणांना येतं. मला येतं. तळेगावच्या पुढे एका शेठचं असलं पार्क आहे, तिथल्या चार गाड्या देखभालीला माझ्याकडे होत्या. आणि त्या गाड्या सांभाळायला होते दिगंबरभाऊ. जालन्याकडचे, पन्नाशीचे. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे होते, ठेका संपला तसे ह्या पार्कात आले. धुणं, पुसणं, हवा तपासणं, पोरांना हेल्मेट घालणं — सगळं तेच करायचे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. आमच्या धंद्यात सगळ्यालाच ऑइल म्हणतात. इंजिनात ऑइल, गिअरमध्ये ऑइल, आणि ब्रेकमध्येही ऑइल. पण ब्रेकमधलं ते तेल नसतंच. ते वेगळंच रसायन असतं. खरं तेल तिथे गेलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत आहे. तरी तोंडात शब्द तोच — ऑइल. का? कारण सगळे म्हणतात. आणि ज्याला माहीत नाही त्यानं काय करायचं? त्याचा विचार आम्ही मिस्त्री लोक कधी करतो का?

ते ब्रेक ऑइल बदलताना नळीतली हवाही काढावी लागते. दोन माणसांचं काम. एकानं हँडलवरचं ब्रेकचं लिव्हर दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून जुनं ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मग म्हणायचं — सोडा. त्याच्या आधी लिव्हर सुटलं की हवा परत आत. भले भले मेकॅनिक घाई करतात. दिगंबरभाऊंनी माझ्याबरोबर हे एकदा केलं होतं. बोटं पांढरी पडली तरी मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत त्यांनी लिव्हर सोडलं नाही. सांगितलेलं अक्षरशः पाळणारा माणूस. हे मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं.

दुसऱ्या वेळी ऑइल बदलायची तारीख उलटून गेली आणि मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो. एका गाडीचा ब्रेक मऊ पडल्याचं त्यांनी दोनदा कळवलं. मग एका दुपारी फोन आला. मी तेव्हा कुठे होतो? इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो की कामात होतो, हात ग्रीसनं भरलेले होते. साफ खोटं! मित्रानं नवी गाडी घेतली होती. शोरूमच्या दारात पूजा चालली होती, मी बॉनेटला टेकून फोटो काढून घेत होतो आणि तोंडात पेढा होता.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “लिव्हर पार दांड्याला टेकायलंय. शेडमदी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं हायड्रॉलिक ऑइल हाय. ह्ये ब्रेकबी हायड्रॉलिकच म्हंत्यात न्हवं? तेच टाकू का?”

मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही — शब्द न् शब्द ऐकला, आणि ट्रॉलीचं ते खरं तेल असतं हेही मला माहीत होतं. फक्त त्यावर विचार करायचे कष्ट घेतले नाहीत. पेढा गिळत म्हणालो, “हां हां, तेच टाका. येतो मी दोन दिवसांत.” आणि पुन्हा फोटोला उभा राहिलो.

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढचं ऐका.

दोन दिवसांत मी गेलो नाही. मधे त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रविवारी पार्कात गर्दी होती. लिव्हर कधी घट्ट लागतंय, कधी सैल, म्हणून पोरांच्या हाती गाडी द्यायच्या आधी दिगंबरभाऊ स्वतः ती घेऊन उतारावर गेले. स्वतः! उतारावर ब्रेक लागलाच नाही. खाली तिकिटाच्या रांगेत बायापोरं उभी होती. त्यांनी हँडल फिरवून गाडी दगडी बांधावर घातली. उजवं मनगट हँडल आणि दगडाच्या मधे सापडलं.

सोमवारी शेठनं मला बोलावून घेतलं. मी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि खालचं रबर पाहिलं. फुगून वेडंवाकडं झालं होतं, तेलाचा वास येत होता. एका क्षणात मला सगळं कळलं. शेजारी शेठ उभे. पलीकडे दिगंबरभाऊ, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. ते म्हणाले, मिस्त्रींना विचारूनच टाकलंय. शेठनं माझ्याकडे बघितलं.

मी किती वेळ घेतला असेल? एक श्वाससुद्धा नाही. म्हणालो, “मी ब्रेक ऑइल म्हणालो होतो शेठ. हायड्रॉलिक टाका असं कोण सांगेल? शाळेतलं पोरगंसुद्धा नाही सांगणार.”

शाळेतलं पोरगं — हे मी वर जोडलं. काही गरज होती?

शेठनं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? माझ्या शर्टावर गॅरेजचं नाव होतं, दिगंबरभाऊंच्या पायात तुटकी चप्पल होती. चौकशी नाही, दुसरा प्रश्न नाही. ह्या जगात कुणाचं खरं मानायचं हे माणसं इतक्या लवकर ठरवतात! मला शेठचा राग येतो, आणि मग आठवतं की ह्याच घाईवर मी तरलो.

आणि दिगंबरभाऊ काय म्हणाले? त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. झोळीतला हात काढून माझ्या थोबाडीत मारायला हवी होती. ते खाली बघत म्हणाले, “म्हणले असतील मिस्त्री. माझ्याच ध्यानात आलं नसंल.” त्यांनी खरंच स्वतःच्या कानांवर संशय घेतला. माझ्या खोट्यापुढे त्यांचं खरं त्यांना स्वतःलाच खोटं वाटायला लागलं — ह्याहून वाईट मी कुणाचं काय करणार होतो? त्याच दिवशी त्यांना काढलं. मनगट वाकडंच बसलं. हल्ली ते चऱ्होलीत एका सोसायटीच्या गेटवर असतात, डाव्या हातानं रजिस्टर लिहितात. मी तिथून जाताना हेल्मेटची काच खाली ओढतो.

थांबा, अजून संपलं नाही. ह्यानंतरचं जे आहे त्याची मला जास्त किळस येते.

मी ह्याची गोष्ट केली. चाकणच्या कंपन्या सुरक्षा सप्ताहात बाहेरचा एखादा माणूस बोलायला बोलावतात. कुणीतरी माझं नाव सुचवलं. स्टेजवर बोलायला काहीतरी हवं, म्हणून मी सांगितलं — एका बाबानं ब्रेकमध्ये ट्रॉलीचं तेल ओतलं! हॉल हसला. तेव्हापासून दरवर्षी सांगतो. मीठमसाला लावतो, जालन्याची बोली काढून दाखवतो, त्यावर हमखास हशा येतो. ज्यांना मी समोर नेहमी अहो-जाहो केलं, त्यांना गोष्टीत ‘तो’ म्हणतो. शाल मिळते, नारळ मिळतो. सुरक्षेवर बोलल्याबद्दल! मला!

मागच्या खेपेला गोष्ट संपली, हशा ओसरला, आणि मागच्या रांगेतली एक ट्रेनी मुलगी उभी राहिली. ती हसत नव्हती. तिनं विचारलं, “सर, पण टाकायच्या आधी त्यांनी कुणाला विचारलं नाही का?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माइक माझ्या हातात होता. वेळ होता, शेठसमोर घेतला त्यापेक्षा कितीतरी जास्त. मी हसून म्हणालो, “विचारलं असतं तर ही वेळ आली असती का?”

लोकांनी माना डोलावल्या. टाळ्या झाल्या. ती मुलगी वहीत काहीतरी लिहून खाली बसली.

त्यांनी विचारलं होतं. त्यांचं नाव दिगंबर, आणि त्यांनी मलाच विचारलं होतं.